घेतलं ते दिसतं

उषा, कावळा आला नाही.

तुला फार आनंद झाला असता. बाणगंगेच्या पायऱ्यांवर आम्ही उन्हात उभे, समोर पत्रावळीवर तुझा पिंड, आणि पलीकडच्या भिंतीवर तो कावळा, आमच्याकडे पाठ करून बसलेला. जन्मभर तू वर्गात सांगत आलीस की बाहेरून बघून माणसाचा हेतू कळत नाही. आम्ही नेमकं तेच करायला जमलो होतो, तेही एका पक्ष्याच्या मदतीने.

हे लिहिते आहे मेलबर्नच्या रेवासाठी आणि टोरांटोच्या नीलसाठी, पण बोलणार तुझ्याशी. माझी ही दोन्ही नातवंडं मी माझ्याबद्दल काही लिहिलं तर 'नंतर वाचतो' म्हणतील. आत्याआजीला लिहिलंय म्हटल्यावर लगेच वाचतील. तेव्हा त्यांच्यासाठी आधी एवढं सांगते: दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं समजतात. नाही शिवला, तर जमलेल्यांनी ती इच्छा ओळखायची आणि मोठ्याने वचन द्यायचं. बरोबर ओळखलं की कावळा येतो.

तुझा भाऊ आता नाही, माझी मुलं परदेशात, म्हणून तुझा चुलत पुतण्या मंदार पुढे होता. लालबागहून पहाटेच निघून आला होता बिचारा. गुरुजी म्हणाले, "बोला, काही राहिलं असेल तर बोला."

मंदार म्हणाला, "आत्या, चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं मी बघतो. कमिटीची एक मीटिंग चुकवणार नाही."

कावळ्याने मान खाजवली.

तुझी शेजारीण शालन पदर खोचून पुढे आली. "उषाताई, तुमच्या तुळशीक मी रोज पाणी घालतंय. काय काळजी करू नका." कावळा उडाला आणि दहा हातांवर दुसऱ्या कुणाचा पिंड होता, त्याला जाऊन शिवला. त्या मंडळींनी हात जोडले. मला त्या अनोळखी माणसांचा इतका राग आला की काय सांगू. त्यांना त्यांचं माणूस कळलं होतं, आणि आम्हाला तू नाही! तू असतीस तर म्हणाली असतीस, "त्यांच्या भातात तूप जास्त असेल गं. निवड कावळ्याची आहे, तिथे मेलेल्याचं नाव कशाला?"

मग मंदारने फोन वर धरला. मेलबर्नहून रेवा होती, डोळे सुजलेले. "आत्याआजी," ती म्हणाली, "मी माझा प्रबंध पूर्ण करीन. तुझ्याच विषयावर. प्रॉमिस."

कावळा परत भिंतीवर आला होता आणि आता तोंड आमच्याकडे होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मीही बघत होते, आणि मनात म्हणत होते, येऊ नकोस. तो आला असता तर तुझी शेवटची इच्छाही माझ्या नातीने ओळखली असं झालं असतं, आणि मी बाजूला छत्री धरून उभी.

तो आला नाही. तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.

"काकू, तुम्ही बोला ना," मंदार म्हणाला. "तुम्हाला नक्की माहीत असणार."

मी बोलले नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा वळला, आणि तो पिंडाला टेकवून काम उरकलं.

का बोलले नाही ते सांगण्यासाठी मागे जायला हवं. क्रमाने सांगते. हस नकोस.

आपण आधी मैत्रिणी, मग नणंद-भावजय. गिरगावातल्या कॉलेजात एका बाकावर बसून दोघी अर्थशास्त्र शिकलो. माझ्या वहीत समासाची रेघ असायची, तुझ्या वहीत शाईचे डाग. पेपर तपासणारे मात्र तुझ्याच उत्तरावर 'उत्कृष्ट' लिहायचे. तू मला घरी नेलंस, खाडिलकर रोडजवळच्या त्या दोन खोल्यांत, आणि तुझ्या भावाने मला पाणी आणून दिलं. पुढे लग्न होऊन मी दादरला आले, तू तिथेच राहिलीस. मी परळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तू गिरगावात अर्थशास्त्र. मी तुझा भाऊ घेतला, तू माझी नातवंडं घेतलीस. व्यवहार कुणाच्या फायद्याचा झाला ते विचारायची सोय नाही. तूच शिकवलंस, दोघांनाही फायदा वाटला नसता तर झालाच नसता.

आपला वाद मुलांनी अर्धा-अर्धाच ऐकला आहे. तुझं म्हणणं, माणसाचा अभ्यास दगडासारखा करता येत नाही. "दगड गडगडतो, नलू. माणूस निघतो. निघतो म्हणजे कुठेतरी निघतो. तो 'कुठे' सोडून दिलास तर तुझ्या तक्त्यात उरतं काय?" माझं म्हणणं, एक माणूस कुठेही निघू दे, हजारो निघाले की त्यांचाही दगडांसारखाच अंदाज बांधता येतो. तू म्हणायचीस, "तुझा तो सरासरी माणूस कधी भाजी आणायला गेलाय का गं?" मी म्हणायचे, तुझं शास्त्र गोल गोल फिरतं. माणसाने जे केलं तेच त्याला हवं होतं म्हणायचं, आणि हवं होतं म्हणून केलं म्हणायचं.

"गोल नाही, वहिनी. त्रिकोणाला तीन बाजू असतात, हे तू मोजून काढलंस का?"

वाद जिंकायचा असला की तू मला वहिनी म्हणायचीस. एरवी नलू. घरातली सगळी माणसं 'वहिनी' ऐकलं की कान टवकारायची. तुझा भाऊ पेपर खाली ठेवायचा. माझ्या कुठल्याही वाक्याला त्याने पेपर खाली ठेवल्याचं मला आठवत नाही.

एकदाच मी जिंकले होते, ते इथे लिहून ठेवते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात गेलो होतो. झेंडूचे दोन ढीग, शेजारी शेजारी, भाव एक, फुलं एकसारखी. एक म्हातारे गृहस्थ दोन्हींच्या मध्ये उभे. गर्दी त्यांना ढकलत होती आणि ते हलत नव्हते. शेवटी त्यांनी डावीकडच्या बाईकडून फुलं घेतली. मी म्हटलं, "योगायोग. उद्या उजवीकडून घेतील." तू म्हणालीस, "अशक्य. काहीतरी हवं होतं त्यांना." आणि सरळ जाऊन विचारलंस, "काका, हिच्याकडूनच का घेतलीत?"

ते म्हणाले, "ही बाई फार ओरडते हो गिऱ्हाइकावर. डिट्टो आमच्या बायकोसारखी."

"मग दुसरीकडून घ्यायची!"

"अहो, बायको गेली ना माझी."

परत येताना तू विजयी चेहऱ्याने चालत होतीस. तेव्हा मी विचारलं, "पण हे तुला कळलं कसं? माझ्या तक्त्यातून नाही, कबूल. पण तुझ्या त्रिकोणातूनही नाही. तुला जाऊन विचारावं लागलं." तू पुलाखालून बाहेर येईपर्यंत गप्प होतीस. तेवढा शांतपणा मी तुझ्याकडून आयुष्यात परत मिळवला नाही.

बाकी सगळीकडे तूच. नातवंडांचंच घे. रविवारी फोन यायचा तो आधी तुला. मग मला. मला विचारायची, "आजी, तब्येत कशी आहे? गोळ्या घेतेस ना?" तब्येतीची चौकशी माझ्याकडे आणि खरे प्रश्न तुला. माझी तब्येत तुझ्याहून उत्तम होती, तरीसुद्धा. एकदा नील मला "बरं", "हो", "ठेवू का" एवढंच बोलला, आणि मी लगेच तुला फोन लावला तर तुझा फोन नीलशीच बिझी. नंतर तू खूश होऊन सांगितलंस, पोराने विचारलं म्हणे, "आत्याआजी, मी दिवसभर अंथरुणातून उठलोच नाही. मी काही केलं असं म्हणता येईल का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, अर्थात. न उठणं हीपण निवडच आहे बाळा. आता मला सांग, पडून राहण्यासाठी काय सोडलंस? आणि त्यातलं सगळ्यात लाडकं काय होतं? ती तुझ्या झोपेची किंमत. दुकानदार सांगतो ती किंमत वेगळी. खरी किंमत म्हणजे सोडलेल्यातलं सगळ्यात लाडकं."

नील मग बराच वेळ बोलत राहिला. त्याची मैत्रीण त्याला सोडून गेली होती, आणि तिचा फोन येईल म्हणून तो उठत नव्हता. हे मला तुझ्याकडून कळलं. मी त्याला त्या दिवशी सकाळी काय खाल्लंस ते विचारलं होतं.

तू म्हणायचीस, हवेपणाला फूटपट्टी लावता येत नाही. हे त्याच्या दुप्पट हवं, असं काही नसतं. फक्त क्रम लागतो: हे आधी, ते नंतर. आणि तो क्रमही माणसाच्या बोलण्यात सापडत नाही, त्याने प्रत्यक्ष काय केलं त्यातच दिसतो. मी वर्गात हे खोडून काढत असे, आणि घरी आल्यावर तेवढाच एक प्रश्न माझ्याकडे उरत असे. तुझ्या क्रमात मी कितवी? विद्यार्थी होते, पुस्तकं होती, माझा नवरा होता, माझी मुलं, मग त्यांची मुलं, तुझी ती चाळ. ह्या सगळ्यांत मी कुठे? हा प्रश्न ह्या वयात शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो पोरवयातही शोभला नव्हता आणि तरी होता.

मग तू आजारी पडलीस आणि माझा प्रश्न निकाली निघायची वेळ आली.

परळच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या. मी तयारीतच होते. दादरची मागची खोली लावून ठेवली होती. लिफ्ट आहे, खिडकी पूर्वेला, पडदे धुतलेले, पलंगाशेजारी घंटी. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मी गिरगावात जाते."

"तिथे जिना आहे."

"वर एकदाच चढायचाय. उतरताना चार माणसं असतील."

"उषा, चेष्टा नको. तिथे कोण बघणार तुझं?"

"शालन."

"आणि माझ्याकडे काय कमी आहे?"

"काहीच कमी नाही, तीच तर भीती. तुझ्या घरात उशीलासुद्धा जागा नेमून दिलेली असते. मला पसरायचंय."

"शालनला त्रास होईल."

"होतोच. ओरडते माझ्यावर. बरं वाटतं."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "ठीक आहे. तुझंच शास्त्र. माणूस काय करतो त्यावरून त्याचा क्रम कळतो. कळला मला. एवढी वर्षं विचारायचं होतं, आता विचारायला नको. शालन वर, मी खाली."

तू हसलीस, मग खोकलीस, मग माझं मनगट धरलंस. तुझा हात गरम होता. "अर्धंच कळलं," तू म्हणालीस. "घेतलं ते दिसतं, वहिनी. सोडलं ते..."

आणि दारात व्हीलचेअर आली. "चला आजी, एक्स-रे." तुला उचलून बसवलं. जाताना तू मागे वळून बघितलंस, पण वॉर्डबॉय बोलका होता, त्याने तुला गाव कुठलं ते विचारलं, आणि तू त्याला उत्तर द्यायला लागलीस. तेव्हाही मला त्याचा मत्सर वाटला.

पुढे गिरगावात मी येत होते, पण तुला दम लागायचा आणि शालन खोलीतच असायची. तू चहाबद्दल बोललीस, गॅलरीतल्या कबुतरांबद्दल बोललीस. ते वाक्य तसंच राहिलं. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. फुलबाजारात तू जाऊन विचारलं होतंस. मी नाही विचारलं. मला वाटलं, उत्तर माझ्या विरुद्ध असेल तर ते शालनसमोर ऐकायला नको.

बाणगंगेवरून आम्ही तुझ्याच खोलीवर गेलो. शालनने चहा टाकला. मंदार आणि बाकीचे गॅलरीत होते, आत आम्ही दोघीच. मी तिला म्हटलं, "शालन, तुम्ही खूप केलंत तिचं." हे वाक्य मी टॅक्सीत जुळवून ठेवलं होतं आणि ते तसंच, टॅक्सीत जुळवल्यासारखं निघालं.

तिने कपबश्या जरा आपटल्याच. "केलंय तर. अंघोळ मी घातलंय, जेवण मी भरवलंय, रात्रीचा जागरण माझा. आणि बोलायच्या कोणाबद्दल? तुमच्याबद्दल! नलू अशी, नलू तशी. नलूक ह्या पटूचा नाय, नलू आता असा म्हणात. मी एक दिवस म्हटलंय, ताई, इतकी नलू नलू करतास तर जावा ना दादराक! कशाक हंय ऱ्हवलास?"

"मग काय म्हणाली?"

"हसल्या. म्हणे, तिकडे गेले तर वाद घालत बसेन, मरायचं राहून जाईल." तिने डोळे पुसले, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माका राग येय तुमचो. खरा सांगतंय."

उषा, गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी शालनकडे आणखी एक कप चहा मागितला. तीही समजली असावी, कारण दुसऱ्या कपात तिने आलं जास्त घातलं, आणि आम्ही दोघी तुझ्याबद्दल वाईटसाईट बोललो. तू टॉवेल कुठेही टाकतेस. तू उसनी पुस्तकं परत करत नाहीस. तू कुणाचंही बोलणं मध्येच तोडतेस आणि आपलं तोडलेलं तुला खपत नाही.

शालनचं म्हणणं, मला त्रास होऊ नये म्हणून तू आली नाहीस. मला हे पटत नाही. फार सोयीचं आहे, आणि तू कधी कुणाचा त्रास वाचवलेला माझ्या पाहण्यात नाही. 'मरायचं राहून जाईल' हीसुद्धा चेष्टाच. हेतू मला कळलेला नाही. मी तो आता ठरवणारही नाही, तेवढं मी तुझ्याकडून शिकले.

पण घरी आले, मागच्या खोलीत गेले, आणि त्या धुतलेल्या पडद्यांकडे बघत पलंगावर बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हेतू माहीत नसला तरी वजाबाकी करता येते. तू गिरगाव घेतलंस. सोडलंस काय काय? हॉस्पिटल, पण त्याच्या वासानेच तुला मळमळायचं. मंदारचं लालबागचं घर, पण गणपतीतल्या त्या गर्दीला घाबरून तू तिथे एक रात्रही राहिली नव्हतीस. मेलबर्न आणि टोरांटो, पण तुला तिथे कोण नेणार होतं? एकेक करून सगळं बाजूला ठेवलं आणि शेवटी ही खोली उरली. ही खिडकी, ही घंटी, ही जागा नेमून दिलेली उशी. आणि मी.

म्हणजे तू नीलला जे सांगितलंस ते जर खरं असेल, आणि तू मला सोडून कुणाशीच खोटं बोलायची नाहीस, तर तुझ्या शेवटच्या निवडीची किंमत मी होते, सोडलेल्यातलं सगळ्यात लाडकं.

क्रमात पहिली शालनच. हे मला आवडलेलं नाही, आवडणारही नाही. तिला मी दिवाळीत फराळ देईन, पण करंज्या निवडून देणार नाही. रेवाच्या प्रबंधात अर्पणपत्रिका तुला असणार, तेही मला आत्ताच दिसतंय. नील, तू हे वाचत असशील तर ह्या रविवारी फोन आधी मला कर. आता तिचा फोन बिझी नसतो. आणि काहीतरी अवघड विचार. तब्येत ठीक आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा बाणगंगेवर मी गप्प राहिले, कारण मला एकच गोष्ट म्हणायची होती: "उषा, ते वाक्य मी पुरं करते." तोंड उघडलं असतं तर तू म्हणाली असतीस, ही इच्छा माझी कुठे, तुझीच आहे. आणि तू बरोबर असतीस. कावळ्यासमोर माणूस आपलंच मागतो.

म्हणून तिथे बोलले नाही, इथे लिहिते आहे. घेतलं ते दिसतं. सोडलं ते फक्त सोडणाऱ्याला माहीत असतं, आणि ते त्याच्याबरोबर जातं.

असंच होतं ना पुढे? चुकलं असेल तर ये, आणि म्हण मला वहिनी.